नाव, मोहोर आणि पुस्तक
(किशोरांच्या विज्ञानसाहस कादंबऱ्या आणि त्यांचे पुरस्कार)

वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येकाला दिवे मालवण्यापूर्वीचा तो अर्धा तास आठवत असेल. अभ्यासाची घंटा होऊन गेलेली असते, अंथरुणे घातलेली असतात, आणि ज्याच्या हाती एखादे रंगतदार पुस्तक लागलेले असते तो शेवटची चार पाने संपविण्यासाठी धडपडत असतो. अशा वेळी हातातले पुस्तक बहुधा साहसाचे असते : कुणी समुद्राच्या तळाशी गेलेले, कुणी चंद्रावर उतरलेले, कुणी भविष्यकाळात वाट चुकलेले. मराठी मुलांना ही वाट दाखविणाऱ्यांत भा. रा. भागवतांचे नाव आदराने घ्यावे लागेल. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या आणि स्वतःचा ‘फास्टर फेणे’ही मुलांच्या स्वाधीन केला.

आज मुलांसाठी पुस्तके घेताना पालक आणि माजी विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : ‘या पुस्तकाला पुरस्कार आहे का?’ मुखपृष्ठावर सोनेरी किंवा रुपेरी मोहोर दिसली की मन निर्धास्त होते. पैसा कष्टाचा असल्यामुळे ही चौकशी रास्तच आहे. परंतु ती मोहोर कोण देतो, कशासाठी देतो, आणि ती कुणाला मिळत नाही, हे ठाऊक असल्याशिवाय तिचा अर्थ पुरता कळत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही किशोरांच्या विज्ञानसाहस कादंबऱ्यांना लाभलेल्या मान्यतेची थोडी हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती मुख्यतः अमेरिकेतील आहे, कारण मुलांच्या पुस्तकांना पुरस्कार देण्याची परंपरा तेथे शंभर वर्षांहून जुनी आहे. हकीकतीच्या शेवटी आपण आपल्या घरी परत येऊ.

ग्रंथपालांनी दिलेले पदक

सन १९२१ मध्ये फ्रेडरिक मेल्चर या गृहस्थांनी अमेरिकन ग्रंथालय संघापुढे एक सूचना मांडली. मोठ्यांच्या साहित्याला मान मिळतो, तसा मुलांच्या साहित्यालाही मिळावा आणि तो ग्रंथपालांनी द्यावा, अशी ती सूचना होती. अठराव्या शतकात मुलांसाठी आवर्जून पुस्तके छापणारा इंग्रज पुस्तकविक्रेता जॉन न्यूबेरी याचे नाव पदकाला देण्यात आले. पहिले न्यूबेरी पदक १९२२ साली दिले गेले.

या पदकाबरोबर रोख रक्कम नसते. असते ते केवळ कांस्यपदक. पंधरा जणांची समिती वर्षभरात प्रसिद्ध झालेली पुस्तके वाचते, बंद दाराआड चर्चा करते आणि मतदानाने निवड करते. चौदा वर्षांपर्यंतचा वाचक डोळ्यांपुढे ठेवलेला असतो. लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा लागतो. कथानक, पात्रे, वातावरण, विषय आणि शैली पाहिली जाते. पुस्तक किती खपले याचा विचार करायचा नसतो, आणि ते मुलांना किती उपदेश करते याचाही करायचा नसतो. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकाची पाठ थोपटताना ‘यातून चांगला बोध मिळतो’ असे पहिल्याने म्हटले जाते. म्हणून हा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ज्यांना रोकड द्यावी लागत नाही त्या पदकाचा दरारा एवढा का? कारण ते जाहीर होताच ग्रंथालये त्या पुस्तकाच्या प्रती मागवितात, शाळा ते वाचनाच्या यादीत घेतात आणि प्रकाशक ते वर्षानुवर्षे छापत राहतो. पुरस्काराने लेखकाचा सन्मान होतो हे खरेच. पण त्याहून मोठे म्हणजे पुस्तकाचे आयुष्य वाढते, आणि ज्या मुलाला ते विकत घेणे परवडणारे नसते त्याच्यापर्यंतही ते पोहोचते.

विज्ञानकादंबरीला दार उघडले

विज्ञानकथा म्हणजे करमणुकीचा माल, असा समज बराच काळ होता. सन १९४७ ते १९५८ या काळात रॉबर्ट हाइनलाइन यांनी किशोरांसाठी बारा अंतराळ कादंबऱ्या लिहिल्या. त्या वाचून मोठ्या झालेल्यांची संख्या मोठी आहे; पण न्यूबेरी पदक त्यांतील एकीच्याही वाट्याला आले नाही.

सन १९६३ मध्ये मात्र मॅडलीन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’ या कादंबरीला ते मिळाले. तत्पूर्वी दोन डझनांहून अधिक प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत केले होते. मुलांना ते कठीण जाईल असे काहींना वाटले. शिवाय विज्ञानसाहसाची नायिका एक मुलगी असावी, हे त्या काळी रुळलेले नव्हते. मेग मरी ही चष्मा लावणारी, दातांना तारा बसविलेली, शाळेत ‘ढ’ आणि भांडखोर ठरलेली मुलगी. गणित मात्र तिला उत्तम येते. बेपत्ता झालेल्या शास्त्रज्ञ वडिलांच्या शोधात ती अवकाश ओलांडून एका परक्या ग्रहावर जाते. तेथे प्रत्येक घरासमोर प्रत्येक मूल एकाच ठेक्यात चेंडू आपटत असते. सर्वांना एकसारखे करून टाकणे म्हणजे समता नव्हे, हे त्या मुलीला तेथे उमगते. हा विचार शाळकरी मुलाला व्याख्यानातून पटविणे अवघड आहे. मेगच्या सोबतीने तो सहज पटतो.

त्यानंतरही विज्ञानकादंबरीला हे पदक मोजक्याच वेळा मिळाले. सन १९७२ मध्ये प्रयोगशाळेतून निसटलेल्या बुद्धिमान उंदरांची कथा सांगणाऱ्या ‘मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम्ह’ला मिळाले. सन १९९४ मध्ये लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ला मिळाले, तिच्यातील समाजाने दुःख नको म्हणून रंग, आठवणी आणि निवड या सर्वांचाच त्याग केलेला आहे. सन २०१० मध्ये रेबेका स्टेड यांच्या ‘व्हेन यू रीच मी’ला मिळाले. या शेवटच्या कादंबरीतील मुलगी एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत असते, आणि ते पुस्तक म्हणजे ‘अ रिंकल इन टाइम’. एका पुस्तकाला मिळालेल्या मान्यतेतून दुसरे पुस्तक कसे जन्मते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पदक मिळाले म्हणजे विरोध संपतो असेही नाही. १९९० ते १९९९ या दशकात ज्या पुस्तकांना शाळांतून व ग्रंथालयांतून काढावे अशा तक्रारी वारंवार झाल्या, अशा शंभर पुस्तकांची यादी अमेरिकन ग्रंथालय संघाने केली. ‘द गिव्हर’ आणि ‘अ रिंकल इन टाइम’ ही दोन्ही त्या यादीत आहेत. मुलांना विचार करायला लावणारे पुस्तक सर्वांनाच रुचते असे नाही.

नाव बदलून

ग्रंथपालांखेरीज लेखकांनी आणि वाचकांनी दिलेले पुरस्कारही आहेत. अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांची संघटना किशोरांच्या विज्ञानकथा व अद्भुतकथांसाठी २००५ सालापासून एक पुरस्कार राखून ठेवते. त्याची विजेती पुस्तके संघटनेचे सभासद लेखक मतदानाने निवडतात. पुरस्काराला नाव आहे आंद्रे नॉर्टन यांचे.

हे नाव पुरुषाचे वाटते. व्यक्ती मात्र स्त्री होती. क्लीव्हलँड शहरात १९१२ साली जन्मलेल्या ॲलिस मेरी नॉर्टन यांनी अनेक वर्षे तेथील सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या ग्रंथपाल म्हणून काम केले. साहसकथा मुलगे वाचतात, आणि मुलगे बाईने लिहिलेले पुस्तक हाती धरणार नाहीत, अशी त्या काळच्या प्रकाशन व्यवहाराची समजूत होती. म्हणून १९३४ मध्ये त्यांनी आपले नाव कायदेशीररीत्या बदलून घेतले. सन १९५२ मध्ये त्यांची ‘स्टार मॅन्स सन’ ही विज्ञानकादंबरी प्रसिद्ध झाली. अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जगात फॉर्स नावाचा तरुण आपल्या टोळीच्या शोधकांत सामील होऊ पाहतो. त्याचे केस जन्मतः इतरांहून वेगळे आहेत, एवढ्यावरून त्याला नाकारले जाते. मग तो एकटाच निघतो आणि आपली योग्यता सिद्ध करून दाखवितो. जन्माच्या खुणेवरून दार बंद होणे ही गोष्ट नॉर्टनबाईंनी कोठून घेतली असेल, याचा तर्क वाचकांनी करावा.

सन १९८४ मध्ये याच संघटनेने त्यांना ‘ग्रँड मास्टर’ हा आपला सर्वोच्च सन्मान दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका. जे नाव वाचले जावे म्हणून बदलावे लागले, तेच नाव आज तरुण लेखकांच्या सन्मानचिन्हावर आहे.

नाव वगळून

नाव बदलून ज्यांना आत येता आले त्यांची ही कथा झाली. ज्यांना नाव बदलूनही आत येता येत नव्हते त्यांचे काय?

सन १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक लेख लिहून अमेरिकेला आरसा दाखविला. सन १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेली मुलांची ५,२०६ पुस्तके त्यांनी विचारात घेतली. त्यांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत, म्हणजे शेकडा ६.७ पुस्तकांत, एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. कृष्णवर्णीय मुले शाळेत तीच पुस्तके वाचत होती. अंतराळयान कुठेही पोहोचो, त्यात आपल्यासारखे कोणी बसलेले नाही, हेच ती पुस्तके त्यांना सांगत होती.

पदकांची स्थिती याहून निराळी नव्हती. सन १९६९ उजाडेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय लेखकाला न्यूबेरी पदक मिळालेले नव्हते. त्या वर्षी ग्लिंडन ग्रीअर आणि मेबल मॅकिसिक या दोन महिला ग्रंथपालांनी पुढाकार घेतला, आणि १९७० पासून कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावाचा पुरस्कार कृष्णवर्णीय लेखकांच्या मुलांसाठीच्या पुस्तकांना देण्यास प्रारंभ झाला. ग्रंथालय संघाने त्याला आपला अधिकृत पुरस्कार म्हणून १९८२ मध्ये मान्यता दिली. बारा वर्षे तो कार्यकर्त्यांच्या बळावर चालला. संस्था स्वकष्टाने उभी करणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या आपल्या वाचकांना या बारा वर्षांचे मोल वेगळे सांगायला नको.

सन १९७५ मध्ये व्हर्जिनिया हॅमिल्टन या न्यूबेरी पदक मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका ठरल्या. पदकाने मिळालेल्या प्रतिष्ठेनंतर त्यांनी काय केले, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘जस्टिस अँड हर ब्रदर्स’ (१९७८), ‘डस्टलँड’ (१९८०) आणि ‘द गॅदरिंग’ (१९८१) अशी विज्ञानकादंबऱ्यांची मालिका त्यांनी लिहिली. अकरा वर्षांची जस्टिस आणि तिचे दोन जुळे भाऊ ही कृष्णवर्णीय भावंडे मनःशक्तीच्या बळावर दूरच्या भविष्यात जातात. भविष्यकाळाचे दार त्यांच्यासाठीही उघडे आहे, हे एवढ्या साध्या रीतीने सांगितले गेले.

पहिले न्यूबेरी पदक दिल्याला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या २०२२ साली ते डोना बार्बा हिगेरा यांच्या ‘द लास्ट क्वेन्टिस्टा’ या विज्ञानकादंबरीला मिळाले. लॅटिन अमेरिकी मुळाच्या लेखकांसाठी १९९६ पासून असलेला पुरा बेलप्रे पुरस्कारही तिलाच मिळाला. पेट्रा नावाची मुलगी पृथ्वी नष्ट होण्यापूर्वी यानातून निघते, शेकडो वर्षे निद्रिस्त राहते आणि जागी होते तेव्हा मागील सर्व आठवणी पुसून टाकण्याचा निश्चय केलेल्या लोकांच्या हाती यान गेलेले असते. तिच्या एकटीच्याच स्मरणात आजीने सांगितलेल्या गोष्टी शिल्लक असतात. ग्रंथांत ज्यांचा इतिहास फारसा लिहिला गेला नाही आणि ज्यांनी तो आजीच्या तोंडून, गाण्यांतून आणि जात्यावरच्या ओव्यांतून जपला, त्या सर्व समाजांना पेट्राचे दुःख आणि तिची जबाबदारी ओळखीची वाटेल.

त्याच वर्षी डार्सी लिटल बॅजर यांच्या ‘अ स्नेक फॉल्स टू अर्थ’ या पुस्तकाची न्यूबेरीच्या सन्मानप्राप्त पुस्तकांत निवड झाली, आणि आंद्रे नॉर्टन पुरस्कारही त्यालाच मिळाला. लेखिका लिपान अपाची या मूलनिवासी जमातीच्या असून समुद्रविज्ञानात त्यांनी डॉक्टरेट केली आहे. नॉर्टनबाईंच्या नावाचा मान एका मूलनिवासी लेखिकेला तिच्या स्वतःच्या नावाने मिळाला.

नाव झाकून

आता महाराष्ट्रात येऊ. सन १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कथेवर लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांनी करून दिली होती. खगोलशास्त्रज्ञ म्हणून नारळीकरांची कीर्ती तेव्हा सर्वदूर पसरलेली होती, आणि नाव पाहूनच परीक्षकांचे मत झुकेल, हे त्यांना नको होते. कथा कथा म्हणून टिकते की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते.

पुढे नारळीकरांच्या कथा-कादंबऱ्यांवर मराठी किशोरांच्या पिढ्या वाढल्या. सन १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांना लाभला, आणि २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एकेकाळी करमणुकीचा माल समजली गेलेली विज्ञानकथा मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर जाऊन बसली.

नॉर्टन आणि नारळीकर या दोघांनीही नाव बदलले. परंतु दोघांची कारणे परस्परविरुद्ध होती. एकीचे नाव तिच्या आड येत होते, म्हणून तिने ते दूर केले. दुसऱ्याचे नाव त्याच्या बाजूने वजन टाकणार होते, म्हणून त्याने ते झाकले. नाव कळताच माणसाचे मोल वाढते किंवा घटते, ही एकच खोड दोन्ही ठिकाणी आहे. आडनाव विचारून मगच माणसाशी कसे वागायचे ते ठरविणाऱ्यांचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणूनच पुरस्काराची ही कथा आपल्याला परकी वाटू नये.

मात्र नाव झाकले की न्याय झाला, असेही समजू नये. लॅरिकबाईंची आकडेवारी याचे प्रत्यंतर देते. जे पुस्तक छापलेच गेले नाही ते परीक्षकाच्या टेबलावर कसे येणार? परीक्षेच्या वेळी नाव झाकावे, हा न्यायाचा उत्तरार्ध झाला. लिहिणारा हात घडावा, त्याच्या हस्तलिखिताला दार उघडे मिळावे, हा त्याचा पूर्वार्ध होय. ग्रीअर आणि मॅकिसिक यांनी तो पूर्वार्ध हाती घेतला.

आपल्यापुढील काम

पालकांना आमची विनंती अशी की, मोहोर पाहून पुस्तक जरूर घ्यावे, पण घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पुरस्कार कुणी दिला : ग्रंथपालांनी, लेखकांनी की वाचकांनी? कोणत्या कसोटीवर दिला? त्यासाठी कोणाची पुस्तके मुळात विचारात घेतली गेली? आणि या साहसावर निघालेले मूल कोण आहे? साहित्य अकादमी २०१० पासून आपल्या भारतीय भाषांतील बालसाहित्याला पुरस्कार देते. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही बालवाङ्मयाचा स्वतंत्र विचार होतो. या याद्या चाळून मराठी पुस्तकेही आवर्जून घ्यावीत. पुरस्कार नसलेले पुस्तक मात्र केवळ त्या कारणाने परत ठेवू नये. हाइनलाइन यांची बारा पुस्तके आठवावीत.

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, वाचनालयास पुस्तके देताना साहसकथांना कमी लेखू नये. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके हवीतच; परंतु जे मूल रात्री पेट्राबरोबर यानातून जाऊन आले आहे, ते सकाळी भूगोलाच्या तासाला वेगळे प्रश्न विचारते.

शाळेसाठी दोन सूचना. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १९५२ पासून विल्यम ॲलन व्हाइट यांच्या नावाचा एक पुरस्कार आहे. त्याचा निकाल शाळकरी मुलांच्या मतांनी लागतो. आपल्या वसतिगृहातही वर्षाकाठी पाच-सहा पुस्तके मुलांनी वाचावीत आणि गुप्त मतदानाने एकाची निवड करावी. खर्च काही नाही. लागेल ती एक मतपेटी. दुसरे म्हणजे, मुलांकडून विज्ञानकथा लिहून घ्याव्यात आणि तपासताना वहीवर नावाऐवजी क्रमांक असावा. कथा कोणत्या इयत्तेतल्या, कोणत्या गावच्या, कोणाच्या मुलाची आहे, हे परीक्षकाला निकालापर्यंत कळू नये. निकालानंतर मात्र ते नाव सर्वांसमोर, पूर्ण, आडनावासह आणि मोठ्याने वाचावे. झाकलेले नाव शेवटी असे उघड होण्यासाठीच झाकलेले असते.

असे झाले, तर दिवे मालवण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या तासात एखादे मूल पुस्तक मिटून वही उघडेल आणि स्वतःची पहिली ओळ लिहील. त्या वहीला लागणारा कोरा कागद पुरविणे आपल्या हाती आहे.